नागिणीचं इंग्रजी नाव

"हात लावू नका त्या टॉवेलला! कोणी म्हणजे कोणी हात लावू नका!"

मामीचा आवाज वर्तकनगरच्या त्या कॉलनीतून सुटला, येऊरच्या डोंगरावर जाऊन आपटला आणि परत येताना तिथल्या टाकीवरचे सगळे कावळे उडवून गेला. मी नुकताच गेटातून आत शिरलेलो, दोन्ही हातांत शहाळी. वर बघितलं तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मामी उभी, हातात सांडशी आणि सांडशीत मामाचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल. मेलेला उंदीर धरावा तसा तिनं तो लांब धरलेला. मग सांडशी उघडली. टॉवेल तरंगत खाली आला आणि कोणाच्या तरी स्कूटरवर बसला. त्या स्कूटरवाल्यानं पुढे ती स्कूटर विकली. का विकली ते मला ठाऊक नाही, पण कॉलनीत कारण एकच सांगतात.

"मामी, अगं झालं काय?" मी खालून ओरडलो.

"वर ये आणि विचार तुझ्या मामाला! विठ्ठलवाडीला काय आहे, ते विचार!"

खाली तळमजल्यावरच्या काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. कुंड्या केव्हाच भरून वाहत होत्या, पाणी माझ्या चपलांपर्यंत आलेलं, पण काकूंची मान वर आणि झारी चालूच.

वर गेलो. मामा खुर्चीत बसलेला. लुंगी, अंगात सैल सदरा, उजवी कूस खुर्चीच्या हातापासून जपून दूर ठेवलेली. चेहरा, बोर्डाच्या निकालात वर्गातला पहिला मुलगा नापास झाल्यावर असतो तसा.

माझा मामा गणिताचा मास्तर. निवृत्त होऊनही अख्खी कॉलनी त्याला सरच म्हणते. निवृत्तीनंतर त्यानं कॉलनीत एक विवेक मंडळ काढलं. दर रविवारी सकाळी बागेतल्या बाकावर उभा राहून तो अंधश्रद्धांचा समाचार घ्यायचा. लोकांच्या गाड्यांना लटकवलेली लिंबं काढून आणायचा, त्यांचं सरबत करून श्रोत्यांना पाजायचा आणि मिरच्यांचा ठेचा घरी करायचा. एका उन्हाळ्यात तर ठाण्याच्या बाजारात लिंबं महागली ती त्याच्यामुळेच, असं मी शपथेवर सांगेन. काळी मांजर आडवी जायची नाही म्हणून तो तिला बिस्किटं घालून आडवी जायला लावायचा. असा माणूस.

तर या मामाला मे महिन्यात नागीण झाली.

आधी कुशीत आग. मग उजव्या बाजूला, बरगड्यांखालून पाठीपर्यंत, पाणीदार फोडांचा पट्टा. घरच्या डॉक्टरांनी सदरा वर केला, "नागीण" म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. मामी हळवी झाली. मुगाची खिचडी, गुलकंद, पंख्याखाली गादी. कॉलनीतून रीघ लागली. जो तो येई, मामाचा सदरा वर करून बघे आणि तेच सांगे: जपा हो सर, शेपटी तोंडाला मिळाली की खेळ खलास. तळमजल्यावरच्या काकूंनी तर त्यांच्या चुलतसासऱ्यांची अशीच मिळालेली शेपटी इतकी रंगवून सांगितली की ऐकता ऐकता माझीच कूस ठणकायला लागली.

"शेपटी नाही आणि तोंड नाही," मामा खिचडीचा घास घेता घेता गर्जायचा. "पुरळ आहे तो! पुरळाला तोंड असतं का? असलं तर त्याला इकडे बोलवा, मी त्याला पाढे विचारतो."

लोक हसायचे आणि नारळपाणी ठेवून जायचे. नागीण हा तसा घरंदाज आजार. नाव भयंकर, पण त्यात लाज नाही. ज्याला होतो त्याच्याकडे लढाईवरून आलेल्या माणसासारखं बघतात.

घात झाला केमिस्टकडे. गोळ्या संपत आल्या म्हणून मामी संध्याकाळी नाक्यावर गेली, सोबत तळमजल्यावरच्या काकू. दुकानात ही गर्दी. केमिस्टला मामाच्या गोळ्या पाठ झालेल्या. मामीला बघताच त्यानं लांबूनच, अगदी प्रेमानं, सगळ्यांच्या डोक्यांवरून हाक दिली: "काकू, सरांच्या हर्पीसच्या ना? काढून ठेवल्यात!"

मामीला शब्द कळला नाही. काकूंनाही कळला नाही, पण काकू न कळलेला शब्द तसाच घरी नेणाऱ्यांतल्या नव्हेत. तिथल्या तिथे त्यांनी मोबाईल तोंडासमोर धरला आणि "हर्पीस" असं बजावून म्हणाल्या. मोबाईलमधल्या बाईनं क्षणभर विचार केला. मग ती खणखणीत हिंदीत सुरू झाली: हा यौन संबंधांतून पसरणारा संसर्ग आहे. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस खोकायचा थांबला, असं म्हणतात. काकूंना आवाज बंद कसा करायचा ते सापडेना. बाई अख्खा परिच्छेद वाचून मगच गप्प झाली.

माणूस तोच, फोड तेच, गोळ्याही त्याच. आजार मराठीत होता तोवर मामा पेशंट होता. इंग्रजीत गेला आणि मामा आरोपी झाला.

घरी येऊन मामीनं विचारलं. मामा म्हणाला, "अगं, हे ते नव्हे. काहीतरी वेगळं असणार. मी भूमिती शिकवली, मला काय ठाऊक? उद्या डॉक्टरांना विचारू." इथवर सगळं ठीक होतं. मामीनं कदाचित ऐकलंही असतं. पण घर गाठेपर्यंत काकूंना एक गोष्ट आठवलेली, आणि ती घेऊन त्या मामीच्या मागोमाग जिना चढून वर आलेल्या.

"सांगायचं नव्हतं वहिनी," काकू म्हणाल्या, "पण माझी जाऊ राहते ना विठ्ठलवाडीला, तिनं सरांना स्टेशनाबाहेरच्या गल्लीतून येताना पाहिलं. दोनदा. शर्टाची बटणं लावत येत होते."

मामा या पंधरवड्यात दोनदा बाहेर गेलेला खरा. मामीला सांगून गेलेला, डोंबिवलीला जुन्या सहकाऱ्याकडे जातो म्हणून.

"तुम्ही डोंबिवलीला गेलेलात ना?" मामी म्हणाली.

मामानं चष्मा पुसायला घेतला.

"विठ्ठलवाडीला कोण आहे?"

हा माणूस वर्गात मुलांना एक प्रमेय चार प्रकारे सिद्ध करून दाखवायचा. त्याला त्या दिवशी एक वाक्य जमेना. आणि मग मामीला धुवायच्या कपड्यांत त्याचं बनियन सापडलं, कुशीपाशी लाल डागांचं. आता लिपस्टिक लावून कोणी कोणाच्या बरगड्यांचे पापे घेत नाही, हे मी तिला नंतर समजावून बघितलं. ती म्हणाली, "तुला काय माहीत, हल्ली काय काय करतात."

हे सगळं आदल्या संध्याकाळचं. मी शहाळी घेऊन पोचलो तेव्हा मामीची बॅग दारात भरून ठेवलेली.

"डॉक्टरनं जर सांगितलं की हा तो आजार आहे," ती म्हणाली, "तर मी डोंबिवलीला बहिणीकडे जाणार. आणि तुझ्या मामासारखं खोटं नाही, खरोखरच्या डोंबिवलीला. परत येणार नाही. तोवर यांना घेऊन जा तू इथून."

त्यांच्या लग्नाला माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झालेली. ती पोकळ धमकी देणाऱ्यांतली नव्हे. एकदा दूधवाल्याला "उद्यापासून येऊ नकोस" म्हणाली, तर आजतागायत त्या घरी पिशवीचं दूध येतं.

मी मामाला घेऊन घोडबंदर रोडला माझ्या घरी निघालो. त्या दिवशीचा ट्रॅफिक असा की वाटेत मामाचा आजार आपोआप बरा होईल असं मला वाटायला लागलं. मी त्याला तीनदा विचारलं, "मामा, विठ्ठलवाडीला काय?" तो खिडकीबाहेरच्या मेट्रोच्या खांबांकडे बघत म्हणाला, "हे अंतर समान नाहीये बघ खांबांमधलं."

माझी बायको शिकलेली, मोठ्या कंपनीत आहे, सगळ्या जगाला समजून घेते. "मामांचं वैयक्तिक आयुष्य आहे, मला काही प्रॉब्लेम नाही," ती म्हणाली, आणि मामासाठी पाहुण्यांचं बाथरूम वेगळं काढलं, साबण वेगळा, ताट वेगळं, खुर्चीवर वेगळी चादर. कमोडवर तिनं इतकं ॲसिड ओतलं की खालच्या मजल्यावरच्यांचे डोळे चुरचुरले. मामाला वाटलं, काय हा मान! तो मला हळूच म्हणाला, "बायको गुणी आहे रे तुझी. सासऱ्याला करणार नाही इतकं करते."

तिकडे कॉलनीत काकूंची पाठशाळा चालू होती. रोज फोनवर नवीन धडा. हा रोग एसटी स्टँडच्या मुतारीतून येतो. बसमध्ये गरम सीटवर लगेच बसलं की येतो. चांगल्या घरात येत नाही, आणि आलाच तर ते घर चांगलं नव्हतं असं समजायचं. एकदा आला की काल परवाच कुठेतरी तोंड काळं केलेलं असतं, याला पुराव्याची गरज नाही. मामीनं त्या धड्यांबरहुकूम सोफा मिठाच्या पाण्यानं पुसला, चादरी उकळल्या आणि मामाचा चष्मा, जो तो घाईत विसरून गेलेला, डेटॉलमध्ये बुडवून ठेवला. काळजीनं तिची झोप उडाली, अंगात कणकण आली आणि ओठाच्या कोपऱ्यावर तिचा नेहमीचा ताप फुटला.

शेवटी माझ्या बायकोनंच ठाण्यातल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि मामीला फोन केला. "येते," मामी म्हणाली. "माझ्या तोंडावर सांगू दे त्यांना."

दवाखान्यात मामी एका टोकाच्या खुर्चीत, मामा दुसऱ्या टोकाच्या, मधे मी. मामीनं बॅग सोबत आणलेली. ओठ पदरानं झाकलेला.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, वाक्यं तोडून बोलणाऱ्या. मामाला टेबलावर आडवं केलं, सदरा वर केला, आणि हातमोजा घातलेलं बोट फोडांच्या कडेनं फिरवलं.

"हर्पीस झोस्टर. नागीण. खपल्या धरतायत, छान चाललंय."

"म्हणजे हर्पीसच ना?" मामी उभी राहिली. बॅगही तिच्याबरोबर उभी राहिली.

"बसा काकू. आडनाव एक आहे, घरं वेगळी आहेत. लहानपणी कांजिण्या आलेल्या का यांना?"

"सगळ्यांनाच आलेल्या," मामा टेबलावरून म्हणाला.

"त्याच या. बऱ्या झाल्या तरी तो विषाणू नसेत झोपून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी पडली, की उठतो. हा कोणाकडून आणावा लागत नाही. यांचा यांच्याकडेच होता. कांजिण्या न झालेल्या लहान मुलाला तेवढं या फोडांपासून लांब ठेवायचं, बस."

"आणि तो दुसरा?" मामीनं आवाज इतका खाली आणला की तो तिचाच आहे यावर माझा विश्वास बसेना. "तो… घाणेरडा?"

"घाणेरडा काही नसतो. तो शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून होतो. कमोडवरून नाही, टॉवेलवरून नाही. ज्याच्याकडून येतो त्याच्या अंगावर फोड दिसतातच असंही नाही. आणि अंगात शिरल्यावर कित्येक वर्षांनी पहिल्यांदा उठू शकतो. त्यामुळे आज फोड दिसला म्हणून काल कोण कुठे गेलेलं, ते त्यावरून कळत नाही. माझ्याकडे असे संसार मोडायला निघालेले बरेच येतात. गोळ्यांनी तो आटोक्यात राहतो, त्याच्यासकट माणसं मजेत जगतात." बोलता बोलता बाई कापसानं मामाची कूस पुसत होत्या. मधेच थांबल्या. कापूस उजेडात धरला. लाल. "हे काय लावलंय?"

मामानं छताकडे पाहिलं. "कॅलामाइन."

"कॅलामाइन गुलाबी असतं. हा तर कुंडीला लावतात तो रंग आहे."

मामी दोन पावलांत टेबलापाशी. पदर ओठावरून सुटला. कापसाकडे बघितलं, वास घेतला.

"गेरू!" ती म्हणाली. "अहो, हा गेरू आहे!"

छताचा पंखा फिरत होता. मामा त्याच्या पात्यांकडे, त्यांच्यातला कोन मोजावा तसा बघत राहिला.

"विठ्ठलवाडीला," तो शेवटी म्हणाला, "एक जण आहे. नागिणीचं तोंड आणि शेपटी गेरूनं बांधतो. मंत्र म्हणून. म्हणजे मंत्राशी माझा संबंध नाही, मी तेवढा वेळ कान बंद ठेवायचो. गोळ्याही चालूच होत्या."

"तुम्ही? लिंबाचं सरबत करणारे तुम्ही?"

"शेपटी पुढे सरकत होती गं," मामा म्हणाला. "मी बाथरूममध्ये रोज टेप लावून मोजत होतो."

मला हसू येत होतं, पण मामाचा आवाज हसण्यासारखा नव्हता.

"या बाजूची नस पाठीच्या मणक्यापासून पोटाच्या मध्यापर्यंतच येते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पलीकडे दुसरी नस. म्हणून पट्टा तिथेच थांबतो. शेपटी तोंडाला भेटायला निघालेली नव्हती. तुम्ही आरामात मोजत बसायला हरकत नव्हती." मग त्यांची नजर मामीवर गेली. "काकू, ओठावर काय झालंय?"

"हे होय? ताप फुटलाय. मला नेहमीचंच. जागरण झालं, उन्हात फिरलं की फुटतो. माहेरी म्हणायचे, झोपेत कोळी फिरला."

"कोळी नाही. हाच हर्पीस."

मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकल्यात. येऊरच्या जंगलात ऐकलीय, दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या घरात ऐकलीय. ही त्या सगळ्यांची आजी होती.

"मला?" मामी म्हणाली.

"तुम्हाला. यांच्या नागिणीपेक्षा तुमचा ओठ त्या दुसऱ्याला जवळचा. सख्खी भावंडं म्हणा. घाबरू नका, निम्म्या ठाण्याला असेल. बहुतेकांना लहानपणीच होतो, घरातल्या कोणीतरी पापा घेतला की. मलम देते. फोड आहे तोवर तान्ह्या बाळाचे पापे तेवढे घेऊ नका."

"आत्या," मामी हळूच म्हणाली. "माझी आत्या फार पापे घ्यायची. आम्ही पलंगाखाली लपायचो." मग जरा थांबून, "ती फार धार्मिक होती हो."

"असेल ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मलम लिहून दिलं.

परत वर्तकनगरला जाताना रिक्षात मामी मधे बसली. बॅग माझ्या मांडीवर. नाका आला तसा मामा एकदम म्हणाला, "हे गेरूचं कॉलनीत बोलू नकोस. रविवारी त्या बाकावर मला उभं राहायचंय."

मामी समोर रिक्षावाल्याच्या टाळूकडे बघत होती. "आणि मी टॉवेल फेकला तो सगळ्या कॉलनीनं पाहिलाय," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू? गेरू म्हटलं नाही तर विठ्ठलवाडी कशी पुसायची?"

खरं तर दोन्ही बाजूंनी पंचाईत होती. गेरू सांगितला तर मामाचं मंडळ बुडणार. नाही सांगितला तर मामा कॉलनीत कायमचा विठ्ठलवाडीचा. मला वाटलं, मामी गेरूच सांगणार. तिला तेवढा हक्क होता, आणि किस्सा म्हणूनही तोच सरस होता. मी तर मनातल्या मनात तो सजवायलाही घेतलेला.

गेटात काकू उभ्या होत्या. आज कुंड्यांचं निमित्तही नव्हतं. त्यांच्यामागे आणखी कोणी कोणी, सगळे सहज उभे असल्यासारखे. मामा रिक्षातून कूस सांभाळत उतरला. मामीनं त्याचा दंड धरला. सांडशीनं नव्हे, हातानं.

"काय हो वहिनी," काकू पुढे आल्या, "काय म्हणाल्या डॉक्टर? सरांचं नक्की काय निघालं?"

"नागीण," मामी म्हणाली. "कांजिण्यांची. विठ्ठलवाडीला औषध आणायला गेलेले."

"हो का? बरं झालं बाई!" काकूंचा चेहरा पडला. "पण मग तो केमिस्ट भर दुकानात हर्पीस हर्पीस म्हणत होता, तो?"

मामीनं ओठावरचा पदर काढला आणि बॅग माझ्या हातातून घेतली.

"तो मला आहे," ती म्हणाली.